मतपत्रिकेविना मत : राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि बुलडाण्याचा मतदार

भारतीय लोकशाहीत एक निवडणूक अशी आहे की जिच्यात सामान्य मतदाराला मत असते, पण मतपत्रिका नसते. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत तो रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि मत देऊन मोकळा होतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र तो केवळ बोलतो. पारावर बोलतो, एस.टी. स्टँडवर बोलतो, कृषी केंद्राच्या बाकावर बसून बोलतो. त्याच्या बोलण्याने मतमोजणीत एका आकड्याचाही फरक पडणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तरी तो आवाज चढवतो, भांडतो, प्रसंगी अबोला धरतो. या निष्फळ वाटणाऱ्या आवेशाचा अर्थ काय लावायचा? साहित्याच्या अध्यापकांनी या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. ज्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही त्या बोलण्याची विचारपूस करणे हेच आमचे काम आहे, एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे.

आधी हिशेब पाहू. राज्यघटनेच्या ५४व्या आणि ५५व्या अनुच्छेदांनुसार राष्ट्रपतीची निवड संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. आमदाराच्या मताचे मूल्य ठरवताना राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने आणि पुन्हा १००० ने भागतात. ही लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी ४ लाखांच्या घरात होती; २८८ आमदारांनी भागता प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५ येते. बुलडाणा जिल्ह्यात आज मलकापूर, बुलडाणा, चिखली, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव आणि जळगाव जामोद असे ७ मतदारसंघ आहेत. म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ लाखांच्या या जिल्ह्याचा विधानसभेतला वाटा १२२५ इतका! आणि ही मते पडतात ती मुंबईच्या विधानभवनात, गुलाबी मतपत्रिकेवर. जिल्ह्याच्या मातीत त्या दिवशी काहीच घडत नाही.

हे असे का, याचे उत्तर संविधान सभेच्या चर्चेत सापडते. राष्ट्रपतीची निवड प्रौढ मतदानाने थेट जनतेने करावी, असा आग्रह प्रा. के. टी. शहा यांनी धरला होता. डॉ. आंबेडकरांनी तो अमान्य केला. मतदारांची प्रचंड संख्या आणि तिला पुरे पडणाऱ्या यंत्रणेचा अभाव ही कारणे होतीच. पण मुख्य कारण निराळे होते. आपल्या व्यवस्थेत राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्य करीत नाही. ज्याच्या हाती सत्ता द्यायची नाही त्याच्यासाठी कोट्यवधी लोकांना मतदानाला बोलवायचे कशाला, असा हा युक्तिवाद. तर्क बिनतोड आहे. परंतु लोकांच्या मनातला राजा तर्काने हटत नाही.

आमच्याच जिल्ह्यात त्याचा पुरावा आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा धान्यांचे रिंगण, मध्ये खड्ड्यात मातीची ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, करंजी यांसोबत विड्याचे पान व सुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे निरीक्षण करून पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगतात. पान-सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. ती हलली की नाही, हे ऐकायला शेतकरी कान टवकारतो. या भाकिताच्या खरेखोटेपणाशी आम्हांला येथे कर्तव्य नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की पावसाच्या आणि कपाशीच्या शेजारी राजाची जागा आहे. आज या ‘राजा’चा अर्थ लोक पंतप्रधान असा लावतात. जुन्या राजाचे जणू दोन वारस झाले : सत्ता पंतप्रधानाकडे गेली, प्रतिष्ठा राष्ट्रपतीकडे. सत्तेच्या वाटणीत मतदाराला हक्क मिळाला. प्रतिष्ठेच्या वाटणीत त्याच्या हाती बोलणे तेवढे उरले.

खुद्द ‘राष्ट्रपती’ हा शब्दही प्रजासत्ताकाहून जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणण्याचा प्रघात होता. पंडित नेहरूंनी १९३७ साली ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःवरच टीकालेख लिहिला, त्याचे शीर्षकही ‘राष्ट्रपती’ असेच होते. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन खानदेशातल्या फैजपूरला झाले, तेव्हा हेच नेहरू अध्यक्ष होते. म्हणजे या मुलखाच्या वेशीपाशी ‘राष्ट्रपती’ प्रथम आला तो राष्ट्रपती भवनातून नव्हे, तर एका खेड्यातल्या मांडवात. दिल्लीतला राष्ट्रपती दूरचा; फैजपूरचा राष्ट्रपती बैलगाडीने जाऊन पाहता येण्याजोगा होता. हे अंतर पुढे २००७ साली अचानक मिटल्यासारखे झाले.

त्यापूर्वी १९६९ ची निवडणूक आठवायला हवी. डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष म्हणून व्ही. व्ही. गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर सी. डी. देशमुख, अशी तिरंगी लढत झाली. जुलैमध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, इंदिरा गांधींच्या गोटातून सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याची हाक आली आणि ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग राजकारणात रूढ झाला. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. पुढच्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारा, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला, संस्कृतचा व्यासंगी मराठी माणूस राष्ट्रपतिपदाला उभा होता. आणि तो तिसरा आला. ‘आपला माणूस’ ही भावना तेव्हा मतपेटीपर्यंत पोहोचली नाही, कारण देशापुढचा प्रश्न बँका कोणाच्या आणि काँग्रेस कोणाची, हा होता. अस्मितेला तिचा मोसम लागतो. १९६९ हा तो मोसम नव्हता.

तो आला २००७ मध्ये. डॉ. कलाम यांना दुसरी कारकीर्द मिळावी, असे वाटणारे आमच्या महाविद्यालयांत पुष्कळ होते, विद्यार्थी तर बहुतेक सगळेच. कलामांनी जूनमध्ये माघार घेतली आणि सामना प्रतिभाताई पाटील विरुद्ध भैरोसिंह शेखावत असा ठरला. प्रतिभाताईंचे जन्मगाव नाडगाव, बोदवड तालुका. भुसावळ-नागपूर लोहमार्गावर बोदवड सोडले की थोड्याच वेळात मलकापूर येते. १९६७ पासून १९८५ पर्यंत त्यांनी विधानसभेत एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, प्रतिनिधित्व केले. तो तालुका आमच्या जिल्ह्याला लागून आहे. इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे दिलेल्या. १९९१ साली अमरावतीहून त्या लोकसभेवर गेल्या. तेव्हा मलकापूर-मोताळ्याच्या माणसाला त्यांची ओळख वर्तमानपत्रातून करून घ्यावी लागली नाही. दोन्ही उमेदवारांचा संबंध राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याशी होता, एकाचा जन्माने आणि दुसरीचा सासरने. ही गंमत मात्र पारावरच्या चर्चेत फारशी आली नाही.

त्या जुलैत पेरण्या आटोपून डवरणीची कामे सुरू होती. मोताळा तालुक्यातील आमच्या परिचयाचे एक वयस्क शेतकरी कोणत्याही पक्षाचे नव्हते, पण ‘आपल्या बाई’च्या बाजूने ते असे बोलत की जणू त्यांच्याच एका मतावर निकाल अडला आहे. दूरचित्रवाणीवर रोज आरोप होत होते. जळगावची महिला सहकारी बँक, जिचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला होता, आणि साखर कारखान्याचे कर्ज, हे प्रचाराचे विषय झाले होते. म्हातारबुवांचे उत्तर ठरलेले : थकबाकी कोणाकडे नाही? आमच्याकडे नाही? त्यावर त्यांच्याच भावकीतला एक तरुण उसळून विचारी, की कारखान्याच्या थकबाकीला मुदत मिळते आणि कपाशीच्या थकबाकीला नोटीस, त्याचे काय? दोघांचे हे भांडण पंधरा दिवस चालले. दोघांनाही मत नव्हते.

आमच्या मते त्या निवडणुकीतला खरा वाद हाच होता. आदल्याच वर्षी, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे निवडलेल्या त्या सहांत बुलडाणा होता. म्हणजे एकाच वर्षाच्या अंतराने दिल्लीने या भागाकडे दोनदा पाहिले : एकदा दुःखाचा जिल्हा म्हणून, एकदा मानाचा शेजार म्हणून. म्हाताऱ्याला मान हवा होता, कारण दुःख त्याच्या अंगवळणी पडले होते. तरुणाला मान पुरेसा वाटत नव्हता, कारण दुःख अजून त्याच्या अंगवळणी पडायचे होते. यांतला कोण बरोबर, हे आम्ही तेव्हा सांगू शकलो नाही. आजही सांगणार नाही. मात्र ‘प्रांतीय अस्मिता’ असा एक शब्द वापरून या भांडणाचा निकाल लावणाऱ्या विश्लेषकांनी या दोघांनाही ऐकले नव्हते, एवढे नक्की.

स्त्रियांचे बोलणे आणखी वेगळे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दर १२ जानेवारीला तेथे लोटणारी गर्दी पाहिलेल्या या जिल्ह्याला स्त्रीच्या मोठेपणाचे वावडे नाही, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. पण जिजाऊंचा गौरव आम्ही बहुधा माता म्हणून करतो. राष्ट्राच्या प्रमुखपदी बाई, ही कल्पना निराळी होती आणि तिने भाषेलाच अडचणीत आणले. बाईला ‘राष्ट्रपती’ कसे म्हणायचे? वर्गात विद्यार्थिनी विचारीत. सेनापती, सभापती, कुलपती यांतला ‘पती’ म्हणजे स्वामी, नवरा नव्हे, हे व्याकरणाचे उत्तर आम्ही देत असू. ते खरे आहे, पण पुरे नाही. स्वामी या अर्थीसुद्धा तो शब्द पुरुषाचाच देह धारण करून आला आहे. २०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्यानंतर लोकसभेतल्या एका काँग्रेस नेत्याच्या तोंडून ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द गेला आणि संसदेत गदारोळ झाला. २००७ साली आमच्या विद्यार्थिनींनी विचारलेला प्रश्न पंधरा वर्षांनी देशाने विचारला, तोही अपमानाच्या रूपात.

मतदान १९ जुलै २००७ रोजी झाले. रालोआत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, हेही येथे आठवावे. २१ जुलैला निकाल लागला : ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. बुलडाण्याच्या मतदाराचा आवेश या आकड्यांत कोठेही नाही. पुढे २००९ साली वयाच्या ७४व्या वर्षी राष्ट्रपतींनी पुण्याहून सुखोई विमानातून उड्डाण केले, तेव्हा तो मतदार हरखला. २०१२ साली निवृत्तीनंतरच्या निवासासाठी खडकीतल्या लष्करी जमिनीचा वाद झाला आणि त्यांनी ते निवासस्थान नाकारले, तेव्हा तो खिन्न झाला. मत न देताही उत्तरदायित्व मागणारा हा मतदार होता.

सत्तेचा स्पर्श नसलेल्या पदाविषयी इतका जीव का टाकावा, असे म्हणणाऱ्यांना दोन रात्री आठवाव्यात. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी लोकांना मुख्यमंत्र्यांचा शपथविधी होऊन गेल्याचे कळले. नामधारी म्हणवणाऱ्या हाताची एक सही खेड्यातल्या माणसाच्या आयुष्यापर्यंत पोहोचते. तो हात कोणाचा असावा, याविषयी त्याचे मत असणे हा भाबडेपणा नव्हे.

एक आक्षेप आम्हांलाही मान्य आहे. ज्या मताची किंमत मोजावी लागत नाही ते बेजबाबदार होण्याचा धोका असतो. मतपत्रिकेच्या निवडणुकीत माणूस जात पाहतो, काम पाहतो, उद्याची गरज पाहतो. येथे काहीच गमवायचे नसल्याने शब्द सैल सुटतात. पण याच कारणाने येथे हिशेबाबाहेरचे काही बोलले जाते. आपल्याला कोणी मोठे वाटते, कशाची लाज वाटते, दिल्लीकडून नेमके काय हवे असते, हे मतदार याच वेळी बोलून दाखवतो. निवडणूक आयोगाला ते मोजता येणार नाही, त्याचे ते कामही नाही. १२२५ या आकड्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे बोलणे टिपून ठेवण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांकडे उरते. आमच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या खेपेला निकालाचे आकडे वहीत उतरवावेत, आणि समोरच्या पानावर पारावरचे बोलणेही उतरवावे. ज्या बोलीत ऐकले त्याच बोलीत.