ओझं वाहणाऱ्यांची पंचायत



पंढरीला महाद्वारात गेल्यावर नामदेव पायरीला आपण पाय लागू देत नाही. तिथंच समोर चोखोबांची समाधी आहे. माथा टेकून आपण पुढं दर्शनबारीकडं वळतो. पण ती समाधी कामावर असताना गेलेल्या एका मजुराची आहे, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. मजुरांत चोखोबा होते. कूस ढासळलं आणि माणसं खाली गाडली गेली. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ ची ही गोष्ट. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, विठ्ठलनाम ज्यांतून ऐकू येत होतं त्या अस्थी त्यांनी ओळखल्या आणि पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. चोखोबांचं नाव राहिलं, कारण त्यांना शोधायला नामदेव गेले. त्याच ढिगाऱ्याखाली गेलेल्या इतरांची नावं आपल्यापैकी कुणालाही सांगता येणार नाहीत.

दिंडीच्या शंभर वर्षांच्या या स्मरणिकेत कष्टकऱ्यांच्या संघटनेचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. आमचं म्हणणं एवढंच, की दिंडीचं मूळ वहीत आहे. वहीत नाव लागलं, की माणूस दिंडीचा झाला. मग त्याची जात, शिक्षण, शेत कुणी विचारत नाही. तो चुकला तर शोधायचा, आजारी पडला तर सांभाळायचा. ज्यांचं नाव कुणाच्याच वहीत नव्हतं, त्यांनी आपली वही आपण कशी उघडली, त्याची ही हकीकत आहे.

पहिलं नाव घ्यायचं ते नारायण मेघाजी लोखंडे यांचं. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडं पाठवला. त्या काळी कामगार संघाचा कायदाच नव्हता. लोखंड्यांच्या संघटनेला ना वर्गणी होती, ना सभासदांची रीतसर यादी. होता तो लोकांचा विश्वास. आठवड्याची सुट्टी रविवारी मागितली, कारण तो खंडोबाचा वार. १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली. आज सगळा देश रविवारी विश्रांती घेतो, त्यात घाटावरच्या आणि कोकणातल्या त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांच्या सह्या आणि अंगठे आहेत.

पण गिरणी कामगाराला निदान एक मालक तरी होता. भांडायचं कुणाशी, ते ठाऊक होतं. हमालाचं तसं नव्हतं. पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत उतरते, हे आपल्याला माहीत आहे. त्याच पेठांत पूर्वी धान्याचा मोठा भुसार बाजार होता. दुष्काळी मुलखातनं आलेली माणसं तिथं पाठीवर पोती वाहायची. पोतं शंभर किलोचं. सकाळी एका दुकानात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रकवर. मान मोडली, कंबर गेली, तर प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा माणूस नव्हे. आणि एका अर्थानं ते खरंही होतं. सगळ्यांचं काम करणारा माणूस कुणाचाच नव्हता.

पेठेतच वाढलेले डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली या लोकांना घेऊन हमाल पंचायत उभी केली. बाबा राष्ट्र सेवा दलात घडलेले, साने गुरुजींना मानणारे. विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, ते हेच साने गुरुजी. नावही ‘पंचायत’ ठेवलं, युनियन नाही. खेड्यातनं आलेल्या माणसाला पंचायत म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सगळ्यांनी बसायचं, बोलायचं आणि ठरलेलं पाळायचं.

पंचायतीनं पहिल्यांदा हमालीचे दर ठरवून घेण्यासाठी झगडा केला. मग ओझ्याचा प्रश्न धरला. पन्नास किलोच्या वर पोतं नको, ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आज बाजारात पन्नास किलोचं पोतं सर्रास दिसतं. ते आपोआप हलकं झालेलं नाही. तिकडं मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची ताकद उभी केली होती. या सगळ्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

या कायद्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मालक कोण, हा वादच त्यानं बाजूला ठेवला. हमालाची टोळी मंडळात नाव नोंदवणार, व्यापारीही नोंदवणार. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेली जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, द्यायची. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघणार. काल दहा दुकानांत राबून कुणाचाच नसलेला माणूस आज नोंदलेला कामगार झाला. वहीत नाव लागण्याचा अर्थ हा असा.

पंचायत मागण्यांवर थांबली नाही. तिनं पतसंस्था काढली, दवाखाना चालवला, घरांसाठी खटपट केली. आणि १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. दिवसभर ओझं वाहणाऱ्याला हॉटेलात पोटभर जेवण परवडत नव्हतं. मग ना नफा, ना तोटा या हिशोबानं भाकरी, झुणका, भाजी, आमटी मिळायला लागली. भाकरी थापणाऱ्या बायांनाही काम मिळालं. आपल्या वारकऱ्यांना हे नवल वाटायचं कारण नाही. आपली भिशी दुसरं काय असते? प्रत्येकानं वाटा द्यायचा, एका चुलीवर शिजवायचं, एका पंगतीत बसायचं. पण पंगत एक करणं वाटतं तेवढं सोपं नाही, हे बाबांनाही माहीत होतं. म्हणून १९७२ पासून ते ‘एक गाव, एक पाणवठा’ घेऊन गावोगाव हिंडले. पाणी जर वेगळं, तर ओझं तरी एकत्र कसं उचलायचं?

हमालांच्या मागून आल्या कचरा वेचणाऱ्या बाया. त्यांना तर कामगार म्हणायलाच कुणी तयार नव्हतं. चोरीचा आळ आला की पहिल्यांदा त्यांच्याकडं बोट. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. बायांना ओळखपत्रं मिळाली आणि महापालिकेनं ती मानली. २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेबरोबर महापालिकेनं करार केला. घरोघरचा कचरा त्या हक्कानं गोळा करू लागल्या. गळ्यात आपल्या नावाचं कार्ड घालून जी बाई दारात उभी राहते, तिला ‘ए’ म्हणून हाक मारणं अवघड होतं. कायद्याइतकंच हेही कामाचं आहे.

कुणी म्हणेल, हे झालं शहरातलं. पण ती माणसं आपल्याच गावची. आमच्या दिंडीतही हमाली करून, ऊस तोडून, रोजंदारी बुडवून चालणारे टाळकरी आहेत. गावाकडं ट्रॅक्टर भरणाऱ्याची, वीटभट्टीवर राबणाऱ्याची नोंद अजूनही बहुतेक ठिकाणी कुठंच नसते. काम करताना तो पडला, तर त्याला शोधायला कोण जाणार, हा मंगळवेढ्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

शताब्दीच्या निमित्तानं आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. भिशीच्या पिठाची पोती, तंबू, पातेली ट्रकवर चढवणारे आणि उतरवणारे, आचारी, पाणी भरणारे, या सगळ्यांची नावं यंदापासून वीणेकरी आणि चोपदारांच्या नावांबरोबरच दिंडीच्या वहीत लिहायची. आणि हमालीचा दर आधी ठरवून, ठरलेला पैसा त्याच दिवशी हातात द्यायचा. घासाघीस करायची नाही.

माउली हो, आपण एकमेकांच्या पाया पडतो, ते समोरच्यात पांडुरंग बघून. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला वाकता येत नाही. तेव्हा वाकायचं आपण, आणि जमलं तर त्याच्या पोत्याला एक हात लावायचा.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!