सिमेंटच्या रस्त्याची करवत

नागपूर आणि रस्ते यांचा संबंध जुना आहे. सन १९४३ च्या डिसेंबर महिन्यांत निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य इंजिनियर या शहरीं जमले व त्यांनीं हिंदुस्थानच्या रस्त्यांची वीस वर्षांची योजना आंखली. ती ‘नागपूर योजना’ या नांवानें प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग ही वर्गवारी तिनेंच रूढ केली. रस्ते किती व कोठें असावेत, हें त्या योजनेनें सांगितलें. सिमेंटचा रस्ता टिकावा कसा, या निराळ्या प्रश्नाचें एक उत्तर मात्र ऐकणारास चमत्कारिक वाटेल: तो वेळेवर कापावा.

काँक्रीट घट्ट होतांना आंकसतें. पुढेंही उन्हानें तें फुगतें व थंडीनें आखडतें. एक किलोमीटर लांबीच्या अखंड थरांत ३० अंशांच्या फरकानें सुमारें ३० सेंटिमीटर इतका फरक पडूं पाहतो. नागपुरांत तर मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा थराला तडा जाणारच. प्रश्न इतकाच कीं, तो माणसाच्या इच्छेनें जावा कीं काँक्रीटच्या. ठरल्या जागीं खांच पाडली म्हणजे थर तेथें दुबळा होतो आणि तडा मुकाट्यानें त्या खांचेखालीं उतरतो. बाकीची पाठ अभंग राहते.

अमेरिकेंतील बेलफाउंटन गांवीं सन १८९१ मध्यें काँक्रीटचा रस्ता झाला. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा रस्ता सन १९४० च्या सुमारास झाला. त्या काळीं सांधा करण्याची साधारण रीत अशी कीं, ओल्या काँक्रीटमध्यें लांकडाची किंवा पत्र्याची पट्टी रोवावयाची व काँक्रीट धरूं लागतांच ती उपसावयाची. पट्टी काढतांना कडा फुटत, दोन्ही बाजू समपातळींत राहत नसत, आणि गाडीस सांध्यागणिक हिसका बसे. सन १९५० च्या सुमारास अमेरिकेंत पट्टीची जागा करवत घेऊं लागली.

या करवतीला लांकडाच्या करवतीसारखे दांते नसतात. पोलादी चकतीच्या कडेला धातूच्या भुकटींत हिऱ्याचे बारीक कण मिसळून, तापवून व दाबून बसविलेले असतात. कण बोथट झाले कीं भोंवतालचा धातु झिजतो, ते गळतात व आंतील नवे कण वर येतात. म्हणून कठीण खडीच्या पक्क्या काँक्रीटला मऊ धातूचें पातें लागतें. डांबर व ताजें काँक्रीट यांतील सुटी वाळू धातूला भराभर खाते. त्यांना कठीण धातूचें पातें लावतात. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या पाषाणाची आहे, तसल्या खडीपुढें पात्याची निवड चुकली तर पातें नुसतें गुळगुळीत होऊन फिरत राहतें.

हिरा विदर्भाला अपरिचित नाहीं. आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ऐने-अकबरींत आहे. परंतु जें रत्न राजांच्या मुकुटांत शोभे, तें रस्त्याच्या कामीं सढळ हातानें वापरणें परवडलें तें सन १९५४ मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत कृत्रिम हिरा तयार झाल्यानंतर.

एकविसाव्या शतकांत नागपूर महानगरपालिकेनें सिमेंटचे रस्ते टप्प्याटप्प्यानें हातीं घेतले. अशा रस्त्यावर सुमारें साडेचार मीटरांवर आडवी खांच घेतात. तिची खोली थराच्या जाडीच्या चौथाईपासून तिहाईपर्यंत व रुंदी अवघी तीन ते पांच मिलिमीटर असते. पुढें तिचें तोंड रुंद करून त्यांत पाणी व माती जाऊं नये म्हणून लवचिक मसाला भरतात. खरी कसोटी वेळेची. घाई केली तर पातें खडीच उपटतें व कडा ढासळतात; उशीर केला तर रस्ता आधींच आपल्या मनानें फाटलेला असतो. ही संधि हवामानाप्रमाणें साधारण चार ते चोवीस तासांच्या आंतली. उन्हाळ्यांत ती फार लवकर येते व लवकर सरते. दुपारीं ओतलेल्या काँक्रीटची खांच त्यामुळें मध्यरात्रींही घ्यावी लागते. शहर निजलें म्हणून काँक्रीट थांबत नाहीं.

डांबरी रस्त्यावर करवतीचें काम निराळें. नळ टाकण्यासाठीं चर खणावयाचा असतां टिकाव व पहार यांनीं कडा वेड्यावाकड्या फुटतात व शेजारचें डांबर सैल होतें. आधीं दोन सरळ रेघा कापून मधला भाग उचलला तर बुजविलेला तुकडा नीट बसतो.

एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. कोरड्या कापणीची धूळ म्हणजे वाळूचेंच बारीक चूर्ण. तें वर्षानुवर्षें श्वासावाटे गेल्यास फुप्फुसें कायमचीं निकामी होतात. त्या रोगास सिलिकोसिस म्हणतात, आणि त्यावर रामबाण उपाय नाहीं. पात्यावर सोडलेली पाण्याची धार पातें थंड ठेवते व धूळही दाबते. पाण्याचा टँकर यावयास उशीर झाला म्हणून कोरडेंच कापण्याचा मोह होतो, कारण काँक्रीटची वेळ टळत असते. यास्तव पाणी आधीं व काँक्रीट मागाहून, असा क्रम ठेवला पाहिजे. रस्त्याचा तडा मसाल्यानें भरतां येतो. कापणाऱ्याची छाती भरून येत नाहीं.