जुन्या ओम्नीची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी चार्जिंग तपासा

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी बेळगाव, खानापूर, चंदगड भागात ही गाडी अजून दिसतेच. सकाळी सेल्फ नुसता टकटक करू लागला की दोष बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसते आणि थोड्याच दिवसांत तीही उतरते. बॅटरी वीज साठवते फक्त. चालत्या गाडीत ती तयार करतो अल्टरनेटर, ज्याला कित्येक मेकॅनिक अजून डायनामोच म्हणतात.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. मग इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी. १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक. हेडलाइट, वायपर लावल्यावर आकडा १३ च्या खाली आला तर चार्जिंग कमी पडतेय. पावसाळी रात्री चोर्ला घाटात हेच अंगावर येते. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीचे पाणी आटत राहणार.

लगेच अल्टरनेटर उतरवू नये. आधी बेल्ट सैल आहे का बघावे. ओम्नीत हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. त्यामुळे चालत्या गाडीत लाल दिवा लागला आणि बेल्ट तुटलेला दिसला, तर 'गावापर्यंत नेऊ' म्हणू नये. इंजिन तापून हेडचे काम निघते. बेल्ट ठीक असेल तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, इंजिनची अर्थिंगची तार आणि फ्यूज तपासावेत. त्यानंतर राहतात अल्टरनेटरचे कार्बन. ते झिजले असतील तर बदलता येतात, अख्खा अल्टरनेटर टाकावा लागत नाही.

चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतच नसेल, तर तेही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला की चार्जिंगही अडू शकते.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघण्याची जुनी युक्ती मात्र कुणी सुचवली तरी करू देऊ नये. व्होल्टेज उसळून डायोड जातात, एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

चार्जिंग बरोबर, तरी सकाळी बॅटरी उतरलेलीच? रात्री निगेटिव्ह तार काढून ठेवावी. सकाळी गाडी एका दमात सुरू झाली तर करंट कुठेतरी गळतोय: नंतर बसवलेला टेप, नाहीतर अल्टरनेटरचाच खराब डायोड.