एन्झाइमची बीजनिवड

आजचा विषय रसायनशास्त्राचा आहे, पण सुरुवात शेतापासून करूया. ज्वारीच्या काढणीला शेतकरी चांगली भरलेली कणसं बाजूला ठेवतो आणि पुढच्या हंगामात तेच बी पेरतो. त्यासाठी डीएनए कळावा लागत नाही. चांगलं कणीस ओळखता आलं की झालं. प्रयोगशाळेत एन्झाइमवर हीच रीत वापरली, तर तिला म्हणतात डायरेक्टेड इव्होल्यूशन, म्हणजे दिशा दिलेली उत्क्रांती.

एन्झाइम, मराठीत विकर, म्हणजे पेशीतल्या रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणारं प्रथिन. पेशीतल्या पाण्यात ते फार अचूक काम करतं. पण कारखान्यात बऱ्याचदा सेंद्रिय द्रावकं वापरावी लागतात आणि तिथे बहुतेक एन्झाइम मान टाकतात. 1980 च्या दशकात डीएनएमध्ये नेमक्या जागी बदल करता येऊ लागला होता. साहजिकच अनेकांना वाटलं, की एन्झाइमची रचना अभ्यासू, कुठलं अमिनो आम्ल बदलायचं ते ठरवू आणि हवं तसं एन्झाइम बनवू.

हे का जमेना? सबटिलिसिन ई या एन्झाइमचंच गणित बघा. त्यात 275 अमिनो आम्लं असतात आणि प्रत्येक जागी 20 पर्याय. एकूण शक्यतांची संख्या लिहायला 358 अंक लागतात! एक बदल केला की त्याचा परिणाम दूरच्या जागेवरही होतो. कागदावर हिशोब मांडून उत्तर सापडणं अवघडच.

फ्रान्सिस अरनॉल्ड मूळच्या मेकॅनिकल इंजिनिअर. नंतर केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करून त्या कॅलटेकमध्ये आल्या. त्यांनी वेगळी वाट धरली. सबटिलिसिनच्या जनुकात जिथे पडतील तिथे बदल होऊ द्यायचे, ती जनुकं जिवाणूंत घालायची आणि जिवाणूंच्या वसाहती दुधातलं केसिन मिसळलेल्या थाळीवर वाढवायच्या. सबटिलिसिन प्रथिनं तोडतं. त्यामुळे ज्या वसाहतीचं एन्झाइम जोरदार, तिच्याभोवती स्वच्छ कडं दिसतं. डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, या द्रावकातही ज्यांनी चांगलं काम केलं ते निवडायचे आणि त्यांच्यात पुन्हा बदल करायचे. 1993 मध्ये त्यांनी आणि सहकारी चेन यांनी निकाल छापला : दहा बदल असलेलं एन्झाइम 60 टक्के डीएमएफमध्ये मूळ एन्झाइमपेक्षा 256 पट प्रभावी ठरलं होतं.

पुढच्याच वर्षी विलेम स्टेमर यांनी जनुकांचे तुकडे करून ते पत्त्यांसारखे पिसण्याची पद्धत मांडली. वेगवेगळ्या वाणांतले चांगले गुण आता एकत्र आणता येऊ लागले.

आता औषध कारखान्यात जाऊया. मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन आपल्याकडे अनेक घरांत ओळखीचं आहे. ते बनवताना एका टप्प्यावर ऱ्होडियम हा महागडा धातू आणि दाबाखालचा हायड्रोजन वापरावा लागे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांना तिथे एन्झाइम हवं होतं. एक ट्रान्सअमिनेज हाताशी होतं, पण सिटाग्लिप्टिनच्या आधीच्या रेणूवर ते काहीच करत नव्हतं. एकही कणीस भरलेलं नसेल, तर शेतकरी तरी काय निवडणार?

म्हणून इथे रचनेचं ज्ञान कामी आलं. संगणकावर मॉडेल करून एन्झाइमचा खळगा मोठा केला, तेव्हा पुसटशी क्रिया दिसू लागली. मग उत्क्रांतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेरीगणिक परीक्षा कारखान्यातल्या परिस्थितीच्या जवळ नेली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेलं एन्झाइम 27 बदलांचं होतं. एकूण टाकाऊ माल 19 टक्क्यांनी घटला आणि ऱ्होडियमची गरजच संपली. 2018 मध्ये रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल अरनॉल्ड यांना मिळालं.

ही गोष्ट बऱ्याचदा ‘योगायोगाने हुशारीला हरवलं’ अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. बदल आंधळे होते, हे खरं. पण निवड आंधळी नव्हती. काय मोजायचं, कुठल्या द्रावकात, किती तापमानाला, हे माणसानेच ठरवलं होतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : टेस्ट जे तपासते, तेवढंच सुधारतं. अरनॉल्ड यांनाही थाळीवरचं कडं नुसत्या पाण्यात तपासता आलं असतं, ते सोपंही गेलं असतं. पण मग डीएमएफमध्ये टिकणारं एन्झाइम हाती लागलं असतं, याची काहीच खात्री नव्हती.

कुठला बदल चालेल, हे आपल्याला आधी सांगता येत नाही. ते मान्य करूनही काम पुढे नेता येतं. फक्त चांगलं म्हणजे काय, हे मात्र नेमकं ठरवावं लागतं. शेतकऱ्याला ते हजारो वर्षांपासून माहीत आहे.

आज एवढंच. भेटूया पुढच्या भागात!