चाळीस फुटांचा कॅमेरा आणि नऊ इंचांचा कॅमेरा

२२ जानेवारी १८९८. शनिवार, पौष अमावास्या. त्या दुपारी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाच्या परिसरात चढली, सह्याद्री ओलांडून सोलापूर जिल्ह्यातून वऱ्हाडात शिरली आणि ईशान्येकडे निघून गेली. सूर्य पूर्ण झाकलेला राहिला तो कोणत्याही ठिकाणी जेमतेम दोन मिनिटे. या दोन मिनिटांसाठी समुद्र ओलांडून आलेली माणसे कित्येक आठवडे तंबू ठोकून बसली होती.

पुणे शहर खग्रास पट्ट्याच्या बाहेर होते. तेथे प्लेगची दुसरी लाट चालू होती. रँडवर गणेशखिंडीत गोळी झाडली गेली त्याला त्या दिवशी बरोबर सात महिने झाले होते. अशा काळात पुण्यातील एक प्राध्यापक आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दाखल झाले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, शिकवीत. भावनगरच्या महाराजांनी दिलेले पाच हजार रुपये आणि मुंबई सरकारने त्यात घातलेली तेवढीच रक्कम यांतून १८८८ मध्ये तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाविषयी लंडनच्या नॉर्मन लॉकयर यांचे मत तपासून, त्याच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष नायगमवालांनी १८९१ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध केला होता. लॉकयर यांचा त्या काळचा दबदबा लक्षात घेतला तर ही लहान गोष्ट नव्हती.

जेऊरला त्यांचा भर सूर्याच्या वर्णपटावर होता. त्याच गावाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचाही तळ पडला होता, आणि तेथील मुख्य आकर्षण म्हणजे एक प्रचंड कॅमेरा. भिंग पाच इंच व्यासाचे, परंतु भिंगापासून काचेपर्यंतचे अंतर चाळीस फूट. एवढी लांब नळी आकाशाबरोबर फिरविणे अशक्य. म्हणून भिंग उंचावर पक्के बसवून सूर्याच्या नियोजित जागेकडे रोखलेले असे, आणि खाली छायाचित्राची काच घड्याळी यंत्राने हळूहळू सरकत असे.

याच ग्रहणासाठी स्वतः लॉकयर विजयदुर्गावर उतरले. ब्रिटिश युद्धनौका मेल्पोमीनीवरील खलाशी त्यांच्या हाताखाली उपकरणे चालवायला शिकले. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखविले जाणारे चौथरे याच मुक्कामाची आठवण. लॉकयर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, ही दर ऑगस्टमध्ये फिरणारी कथा मात्र टिकत नाही. १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते आणि ती पिवळी रेषा त्यांनी तेथूनच, ग्रहणाविना पाहिली. विजयदुर्गाचे वर्ष १८९८ हेच.

आता वऱ्हाडातील तळणी. या लहानशा रेल्वे स्थानकाजवळ ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. १८९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था प्रामुख्याने हौशी निरीक्षकांची. त्यांत ॲनी मॉन्डर होत्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकून १८९१ मध्ये त्या ग्रिनिच वेधशाळेत गणनिक म्हणून लागल्या. पगार महिना चार पौंड. १८९५ मध्ये तेथीलच वॉल्टर मॉन्डर यांच्याशी विवाह झाला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे विवाहित स्त्री म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे दार स्त्रियांना १९१६ पर्यंत बंदच होते. तळणीला त्या आल्या तेव्हा त्यांच्यापाशी ना पद होते ना वेधशाळा. होता एक छोटा कॅमेरा, आकाशगंगा टिपण्याच्या हेतूने गर्टनच्या संशोधन-अनुदानातून घेतलेला. भिंग दीड इंच व्यासाचे, नाभीय अंतर नऊ इंच.

या कॅमेऱ्यातील काचेवर सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरण उमटला. त्याची लांबी सुमारे साठ लाख मैल भरली. तोवर छायाचित्रात आलेल्या अशा किरणांमध्ये हा सर्वांत लांब होता.

असे का घडले? उत्तर नशिबात नाही, भागाकारात आहे. चाळीस फूट म्हणजे ४८० इंच. त्याला पाचाने भागले की ९६. नऊला दीडने भागले की ६. आजचे छायाचित्रकार याला एफ-नंबर म्हणतात. तारा हा प्रकाशाचा बिंदू. त्याच्यासाठी भिंगाचा व्यास महत्त्वाचा. परंतु प्रभामंडल, तेजोमेघ किंवा आकाशगंगा यांसारख्या पसरलेल्या अंधुक गोष्टींचा प्रकाश काचेवर किती दाट पडतो, ते या भागाकाराच्या वर्गावर ठरते. ९६ भागिले ६ म्हणजे १६, आणि १६चा वर्ग २५६. तेवढ्याच वेळात ॲनीच्या काचेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर अडीचशे पट प्रकाश पडत होता.

दुसरा मुद्दा जागेचा. जेऊरच्या काचेवर सूर्यबिंब साडेअकरा सेंटिमीटरचे येई, तळणीच्या काचेवर दोन मिलिमीटरचे. तो लांब किरण चाळीस फुटी कॅमेऱ्यात पुरा मावायचा तर सूर्यापासून एका बाजूलाच जवळपास पाऊण मीटर काच हवी होती. छोट्या कॅमेऱ्यात तो दीड सेंटिमीटरमध्ये बसला. यावरून कॅम्पबेल चुकले असे मात्र नव्हे. सूर्याच्या कडेलगतच्या प्रभामंडलाचा बारकावा मोठ्या प्रतिमेतच दिसतो आणि त्यासाठीच ते यंत्र आणले होते. दोन कॅमेरे दोन वेगळे प्रश्न विचारीत होते.

हे गणित पुण्यातील गच्चीवर आजही जसेच्या तसे लागू पडते. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश मिनिटाला पाव अंश सरकते. कॅमेरा तिपाईवर स्थिर असेल तर भिंगाचे नाभीय अंतर जितके जास्त तितकी ताऱ्यांची रेघ लवकर उमटते. साध्या कॅमेऱ्यासोबत मिळणारे १८ मिलिमीटरचे भिंग वीस सेकंद उघडे ठेवले तरी तारे सुमारे एक चाळिसांश मिलिमीटरच सरकतात. ५० मिलिमीटरच्या भिंगाला मात्र पाच सेकंदांपुढे जाणे धोक्याचे. जेऊरच्या कॅमेऱ्यात वीस सेकंदांत प्रतिमा पावणेदोन सेंटिमीटर सरकली असती. काच हलविणारे घड्याळ होते ते यासाठी. नवशिक्याने म्हणूनच लांब भिंगाच्या मोहात न पडता रुंद भिंगाने आरंभ करावा, फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने जुळवावा, आणि एका लांब छायाचित्राऐवजी लहान अवधीची पन्नास घेऊन संगणकावर एकावर एक रचावीत. शहराच्या उजेडात आकाशगंगा हाती लागणार नाही. तिच्यासाठी घाट चढून बाहेर जावे लागते. परंतु जानेवारीच्या संध्याकाळी मृगातील तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ पुण्यातूनही एवढ्या साधनांत उमटतो. नायगमवालांनी पुण्यात ज्याचा वर्णपट तपासला तो हाच.

नायगमवालांनी जेऊरच्या निरीक्षणांचा अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेचे प्रकाशन म्हणून छापला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही संपली. ती एका माणसाच्या ध्यासावर उभी होती. सरकारला ती पुण्यात चालू ठेवावी असे वाटले नाही. नंतर या शहरात हौशी निरीक्षकांची संस्था, ज्योतिर्विद्या परिसंस्था, स्थापन व्हायला १९४४ साल उजाडले.

वीस इंची दुर्बीण आणि इतर उपकरणे कोडईकनालच्या सौर वेधशाळेकडे रवाना झाली. तेथे आदल्याच वर्षी नवे संचालक नेमले गेले होते: जॉन एव्हरशेड, १८९८ मध्ये तळणीच्या तंबूत मॉन्डर दांपत्याबरोबर उतरलेले हौशी निरीक्षक. पुण्याची दुर्बीण त्यांच्या ताब्यात गेली आणि पुढे ती ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली गेली. त्या नावात पुणे नाही.