पाण्यातल्या कानाचा मागोवा

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कुबासाठी उतरलेल्या माणसाला श्वासाच्या दोन बुडबुड्यांच्या मधल्या शांततेत एक आवाज ऐकू येतो. गरम तेलात मोहरी तडतडावी तसा, चहूबाजूंनी येणारा आणि न थांबणारा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आपल्या नळीतला बिघाड वाटावा. समुद्रातल्या या तडतडीचा नीट उलगडा व्हायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. पाण्याखाली कान लावण्याची विद्या जन्मली कुतूहलातून; पण तिला वाढवले, पैसा पुरवला तो युद्धांनी. तिच्या मागावर आपण जरा दूर जाऊ.

1490 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवले की, लांब नळीचे एक टोक पाण्यात बुडवून दुसरे कानाला लावले तर फार दूरच्या गलबतांची चाहूल लागते. पुढची तीनशे-साडेतीनशे वर्षे या टिपणाचे फारसे काही झाले नाही. 1826 मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडॉन आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली घंटा वाजवून, दूरच्या होडीतून तसल्याच नळीने ती ऐकून, पाण्यातल्या ध्वनीचा वेग काढला : सेकंदाला 1435 मीटर. 1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाले आणि हिमनग आधी ‘ऐकता’ येईल का, याचा शोध सुरू झाला. 1914 च्या एप्रिलमध्ये फेसेंडेन या संशोधकाने हिमनगाचा प्रतिध्वनी प्रत्यक्ष टिपलाही. पण चारच महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले आणि हिमनगाची जागा जर्मन पाणबुडीने घेतली. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला ध्वनिग्राहक, हा त्या धास्तीतच वयात आला. ब्रिटिशांनी तर पाणबुड्या हुडकायला समुद्रसिंहही शिकवून पाहिले. प्रयोग गमतीचा, फळ शून्य.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या श्रवणयंत्रांना किनाऱ्याजवळ एका अखंड तडतडीने बेजार केले. सान दिएगोच्या संशोधकांनी माग काढला तेव्हा गुन्हेगार निघाली बोटाएवढी कोळंबी. आपली मोठी नांगी ती इतक्या झपाट्याने मिटते की पाण्यात बुडबुडा उठून फुटतो आणि ‘चट’ असा आवाज होतो. मालवणात आपण ऐकतो ती हीच मंडळी. मग पाणबुड्या या कोळंबीच्या वस्तीआड लपू लागल्या. शीतयुद्धात बर्म्युडाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन हा अभियंता अमेरिकी नौदलासाठी समुद्र ऐकत असताना यंत्रात हंपबॅक देवमासे गाऊ लागले. शिकाऱ्यांना सुगावा लागेल या भीतीने त्याने त्या गाण्यांच्या फिती जपून ठेवल्या आणि अखेर रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञाच्या हवाली केल्या. 1970 मध्ये त्यांची तबकडी निघाली. त्याच वर्षी संगीतकार अ‍ॅलन होव्हानेसने देवमाशांच्या ध्वनिफिती वाद्यवृंदात गुंफल्या, पुढच्या वर्षी जॉर्ज क्रंबने देवमाशाच्या आवाजावरून तीन वाद्यांची रचना केली. शत्रूसाठी लावलेल्या कानातून निघालेले हे संगीत पुढे देवमासे वाचवण्याच्या चळवळीचे शस्त्र झाले. माझ्या मते या यंत्राच्या चरित्रातले हे सर्वांत मोठे वळण.

आपल्या अरबी समुद्राचा अध्याय मात्र काळाकुट्ट आहे. इथले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारमाही इथेच राहतात. सोव्हिएत ताफ्याने 1965 आणि 1966 मध्ये ओमानपासून वायव्य भारतापर्यंतच्या पाण्यात असे 242 मारले. हे उघड झाले 1990 च्या दशकात. याच समुद्रात 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने भारतीय युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पाणबुडीचा तो शोधही कानानेच चालला होता. पण याच किनाऱ्याच्या वाट्याला एक उजळ योगही आला : 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत हंपबॅकचा आवाज ठेवला गेला, तिथेच गोव्यातल्या फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवीही. व्हॉयेजर-1 उडाल्यानंतर अकराव्या दिवशी, 16 सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. देवमासा आणि आपल्या शेजारची गायिका एकाच तबकडीत बसून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेली आहेत, हे मालवणच्या किनाऱ्यावर फारसे कोणी सांगत नाही.

पुढे हा कान आपल्या दारातही आला. 2011 मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्राने गोव्याजवळच्या उथळ पाण्यात हंपबॅकचा आवाज टिपला. 2015 मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला. पण ऐकायचे ते आता इंजिनांच्या घरघरीतून. देवमाशांखेरीज इथले मासेही आवाज करतात : ढोमा, घोळ हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमतात. आणि घोळीला आज सोन्याचा भाव मिळतो तो त्याच पिशवीमुळे, पालघरकडे जिला बोत म्हणतात. माशाचा आवाज इतक्या महागात विकणारी दुसरी बाजारपेठ मला ठाऊक नाही.

पुन्हा त्या तडतडीकडे येऊ. ‘गुलदार’ ही 1985 साली पोलंडमध्ये बांधलेली नौदलाची नौका जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. ती निवतीजवळ समुद्रतळी ठेवून संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळवस्ती करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. तिच्या फटींत पहिल्या भाडेकऱ्यांमध्ये ती तडतडणारी कोळंबी असेल, याविषयी मला शंका नाही. तोवर मालवणात पाण्यात उतराल तेव्हा बोटवाल्याला दोन मिनिटे इंजिन बंद ठेवायला सांगा.