मान वळली, चित्र मागे राहिलं : व्हीआरच्या चष्म्याने चक्कर का येते?

‘डॉक्टर, नातवाने डोळ्यांवर तो व्हीआरचा चष्मा चढवला आणि पाच मिनिटांत पोटात ढवळायला लागलं. माझे डोळे बिघडलेत का?’ असं विचारणारे आता अधूनमधून भेटतात. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. तुमचे डोळे ठीक आहेत आणि कानही. कान ठीक आहेत म्हणूनच मळमळलं!

कानाचा इथे काय संबंध? १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजातले ११ कर्णबधिर पुरुष प्रयोगांसाठी निवडले. त्यातल्या दहा जणांना लहानपणी मेंदूज्वर झाला होता. त्यात ऐकू येणं गेलंच, शिवाय अंतर्कर्णातलं तोल सांभाळणारं यंत्रही निकामी झालं. एकदा या मंडळींना नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीतून नेलं. ती आरामात पत्ते खेळत बसली आणि त्यांची तपासणी करणारे संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग थांबवावा लागला. ज्याचा अंतर्कर्ण काम करत नाही, त्याला गाडी लागत नाही, बोटही लागत नाही.

आता एक प्रयोग तुम्ही करा. (मानेचं दुखणं किंवा चक्करेचा त्रास असेल त्यांनी नुसता वाचावा.) मान स्थिर ठेवून हातातला मोबाइल भराभर डावीउजवीकडे हलवा. अक्षरं पुसट होतील. मग मोबाइल स्थिर धरा आणि तितक्याच वेगाने ‘नाही, नाही’ अशी मान हलवा. अक्षरं वाचता येतात. कारण प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की त्यातला द्रव मागे रेंगाळतो, तिथल्या पेशी मेंदूला कळवतात आणि डोळे मानेच्या उलट दिशेने तेवढेच फिरतात. या सगळ्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. व्हीआरचा चष्मा बनवणाऱ्यांची स्पर्धा खरी याच्याशी आहे.

दुसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची. समोर बघत असताना दोन्ही डोळ्यांना मिळून आडवं सुमारे २०० अंश दिसतं. वाचायला त्यातला मधला इवलासा भाग पुरतो. कडेचा भाग मात्र हालचाल ओळखण्यात पटाईत असतो. दादरला तुमची गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर वाटतं आपलीच निघाली. ही किमया मुख्यत्वे नजरेच्या कडांची. ब्रान्ट, डिखगान्स आणि केनिग या तिघांनी १९७३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. म्हणून चष्म्यातलं चित्र जितकं रुंद, तितका मेंदू त्यावर विश्वास ठेवतो. आणि एकदा विश्वास ठेवला की चित्राने मानेचं ऐकलंच पाहिजे, तेही लगेच, असा त्याचा हट्ट असतो.

हे पहिल्यांदा नेमकं ओळखलं आयव्हन सदरलँड यांनी. १९६८ साली त्यांनी डोक्यावर चढवायचं एक यंत्र जगासमोर मांडलं. दोन डोळ्यांपाशी दोन छोट्या पिक्चर ट्यूब आणि छतापासून खाली आलेला, डोक्याला जोडलेला यांत्रिक दांडा. हा दांडा डोकं कुठे वळलंय ते संगणकाला सांगायचा. डोक्यावर टांगलेलं ते धूड पाहून त्याला गमतीने ‘डॅमोक्लीसची तलवार’ म्हणत. दृष्टिक्षेत्र जेमतेम ४० अंश आणि चित्र म्हणजे नुसत्या रेघांचे ठोकळे. पण सदरलँड यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवण्यापेक्षाही डोकं हललं की चित्र बदलणं जास्त महत्त्वाचं आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत कामाचं वाक्य हेच, आणि ते विसरणाऱ्यांनीच पुढे सर्वाधिक पैसे घालवले.

याच्या दहा-अकरा वर्षं आधी, १९५७ मध्ये, हेलिकॉप्टर चालवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांना मळमळतं, अशी नोंद झाली होती. त्यातली चक्रावून टाकणारी बाब म्हणजे शिकाऊ मुलांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांना जास्त त्रास झाला. खरं हेलिकॉप्टर कलंडताना अंगाला काय जाणवतं हे त्यांना पाठ होतं. इथे डोळ्यांना कलंडणं दिसत होतं, पण अंग आणि कान गप्प होते. घाटात एसटीत पुस्तक वाचताना होतं त्याच्या हे बरोबर उलट. तिथे कान म्हणतो ‘आपण वळतोय’ आणि डोळा म्हणतो ‘पान तर स्थिर आहे’. भांडण कुणीही सुरू करो, उलटी पोटालाच होते.

१९८५ च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रात एरिक हाउलेट यांची रुंद कोनाची भिंगं वापरून हेडसेट तयार झाला. काही वर्षांनी जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल कंपनीने असे हेडसेट विकायला काढले, पण किमती हजारो डॉलरच्या घरात. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं काही द्यायचं तर काहीतरी कापावं लागणार होतं. १९९५ मध्ये निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. टेबलावरच्या स्टँडवर ठेवलेला, आत फक्त लाल रंगाची चित्रं, आणि मान कुठे वळली याची दखल अजिबात नाही. वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. २०११ मध्ये सोनीचा एचएमझेड-टी१ आला. पडदे सुरेख, दृष्टिक्षेत्र ४५ अंश, पण मान वळवली तर चित्रही तुमच्याबरोबर वळणार! तो डोक्याला बांधलेला सिनेमा होता. सिनेमा म्हणून छानच, पण त्यात ‘आपण तिथे आहोत’ असं वाटत नाही.

मग २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी लोकांकडून सुमारे २४ लाख डॉलर जमवले. युक्ती साधी होती : स्मार्टफोनमुळे छोटे पडदे आणि हालचाल मोजणारे सेन्सर स्वस्त झाले होते. भिंगही साधं, त्याने चित्र वाकडं दिसतं, तर संगणकाने ते आधीच उलटं वाकवून द्यायचं. दृष्टिक्षेत्र एकदम कर्णावर ११० अंशांच्या घरात गेलं. लोक थक्क झाले आणि भरपूर मळमळलेही. पहिल्या नमुन्याला डोकं वळलेलं कळायचं, पण पुढे झुकलेलं कळत नव्हतं. तुम्ही वाकून बघायला जाता आणि सगळं जगच तुमच्याबरोबर पुढे सरकतं! २०१४ च्या नमुन्यात समोर कॅमेरा ठेवून ही उणीव भरून काढली. २०१९ च्या ‘क्वेस्ट’मध्ये कॅमेरे हेडसेटवरच आले.

उशिराचा हिशेब तुम्हीही करू शकता. मान सेकंदाला १०० अंश या वेगाने वळली आणि चित्र ५० मिलिसेकंद उशिरा आलं, तर ते ५ अंश चुकलेलं असतं. हात लांब करून मूठ धरा. तिची रुंदी सुमारे १० अंश. म्हणजे सगळं जग अर्धी मूठ सरकलेलं. २० मिलिसेकंदांवर ही चूक २ अंश, अंगठ्याच्या रुंदीएवढी राहते. म्हणूनच ‘२० च्या आत’ हे बनवणाऱ्यांचं लक्ष्य झालं.

तरी एक गोष्ट सुटली नाही. खुर्चीत बसून जॉयस्टिकने चित्रात पळायला लागलात, तर मानेचा माग कितीही अचूक असो, कानाला पळणं जाणवणारच नाही. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी यावर मजेदार तोड काढली : चित्रात हालचाल सुरू झाली की कडा हळूच अंधाऱ्या करून दृष्टिक्षेत्र अरुंद करायचं. त्रास कमी झाला. दृष्टिक्षेत्र रुंद करायला इतकी वर्षं झटलो, आणि आता गरज पडली की तेच मिटून घ्यायचं!

तुमच्या चष्म्याच्या सेटिंगमध्ये अशी सोय असेल तर ती चालू ठेवा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटंच वापरा. जागेवर उभं राहून बघायचे खेळ निवडा, पळायचे नकोत. मळमळ सुरू होताच थांबा, ‘सवय होईल’ म्हणून दात-ओठ खाऊन बसू नका. लगेच गाडी चालवू नका. अर्धशिशी किंवा चक्करेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि चष्मा काढल्यावरही चक्कर दुसऱ्या दिवशी टिकून असेल, ऐकू कमी येत असेल किंवा कानात आवाज येत असेल, तर दोष चष्म्याला न देता कानाच्या डॉक्टरांना दाखवा. ते कदाचित तुमच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवलेला एक चष्मा चढवतील आणि मान हलकेच झटकतील. त्यातही मानेचा वेग मोजणारा तसाच सेन्सर असतो. फक्त तिथे चित्र मागे राहतंय का हे बघत नाहीत, तुमचा डोळा मागे राहतोय का ते बघतात.